आपल्या कामाचं माप

भाकरी थापत असाल, शेळ्यांमागं असाल, नाहीतर दुपारची जरा पाठ टेकली असेल, तर तशाच ऐका. उठून बसायची काही गरज नाही.

आम्ही एका बचत गटाच्या दहाजणी. माईकसमोर आमच्यातली एकच बसली आहे, पण ती जे बोलणार आहे ते दहाजणींनी मिळून ठरवलंय. ठरवताना दोनदा भांडणं झाली, एकजण चहा न घेता उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आली. म्हणून आजच्या बोलण्यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे.

रेडिओवरच्या मुलींनी आम्हाला विषय दिला, करिअरमधलं यश म्हणजे काय. ऐकून आधी आम्ही हसलोच. आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, "करिअर शहरात असतंय गं. आपल्याकडं नुसती कामं असतात." त्यावर दुसरी म्हणाली, "मास्तरांचं करिअर, तलाठ्याचं करिअर. आणि आपण पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत करतो ते काय?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. कारण बँकेत खातं उघडताना काय झालं होतं ते सगळ्यांना आठवलं. फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. आमच्या दहाही जणींच्या फॉर्मवर तिथं 'गृहिणी' लिहिलेलं होतं. आता आमच्यातली एक रोजानं भांगलायला जाते. एकीच्या तीन म्हशी आहेत, दोन्ही वेळचं दूध डेअरीला तीच घालते. एक ब्लाउज शिवते. एक तर अंगणवाडीत मदतनीस आहे, तिला महिन्याला मानधन मिळतं, तरी तीही गृहिणीच. आणि दहाही जणी मिळून मसाला करतो. पण कुणी पाहुण्यानं विचारलं, काय करता, की उत्तर ठरलेलं, "काही नाही, घरीच असते."

घरी असणं म्हणजे रिकामं असणं नव्हे हे सरकारी आकडेसुद्धा सांगतात. आपल्या देशात माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी सरकार करतं. २०२४ च्या पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. आणि मुळात हात लावणारे पुरुष किती, ते तुमच्या घरात बघा, आम्ही सांगायला नको. या पावणेपाच तासांचे पैसे कुणी देत नाही. त्यांच्या पलीकडे जो वेळ उरतो त्यात आपण शेत बघतो, जनावरं बघतो आणि गटाचं काम करतो. तेव्हा आपल्या धंद्याचा विचार करताना पैशाइतकाच वेळ बघावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आमच्या कामाचं सांगतो. आम्ही कांदा-लसूण मसाला करतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या बायकांना तो काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की तो नुसता मिरचीपूड नसतो. मिरची रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी. तिचे देठ काढायचे, ऊन द्यायचं. कांदा उभा चिरून वाळवायचा, मग तळायचा. लसूण सोलायचा, आणि लसूण सोलणं हे काम किती वेळ खातं ते सोलणाऱ्या बोटांनाच माहीत. खोबरं किसून भाजायचं, तीळ, धने, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं, चाळायचं आणि भरायचं. घरोघरी हा मसाला उन्हाळ्यात वर्षाचा एकदम होतो. आम्ही विकण्यासाठी महिन्याच्या महिन्याला करतो, फक्त पावसाळ्यात कांदा वाळत नाही म्हणून कांदा तेवढा उन्हाळ्यातच वाळवून डब्यांत भरून ठेवतो.

महिन्याला साठ किलोच्या आसपास मसाला निघतो. थोडा गावात जातो, बराचसा आठवड्याच्या बाजारात. बाजारात दोघी दोघींची पाळी असते. काकूंची पाळी नसली तरी काकू येतात. गिऱ्हाईक त्यांना विचारत येतं.

गेल्या उन्हाळ्यात एक व्यापारी गावात आला. शहरात त्याची दुकानं आहेत. त्यानं मसाला चाखला, बोट चाटलं आणि म्हणाला, महिन्याला तीनशे किलो द्या. किलोला ३८० रुपये देतो, पैसे रोख. अटी दोन. पिशवीवर नाव त्याचं, आणि आम्ही स्वतःच्या नावानं दुसरीकडं विकायचं नाही.

तीनशे किलो! साठाचे तीनशे म्हणजे पाचपट. घरोघरी पुरणपोळ्या व्हायच्या बाकी होत्या. जे नवरे कधी गटाच्या बैठकीची वेळ विचारत नव्हते ते कांदे कुठून स्वस्त मिळतील ते सांगायला लागले. पंचायतीतून निरोप आला, ऑर्डर घेतली की फोटो काढू, यशस्वी बचत गट म्हणून फ्लेक्स लावू. यशस्वी हा शब्द आमच्या दारात असा आला, फ्लेक्सवर बसून.

आमची वही एकजण लिहिते. शिक्षण सातवीपर्यंत, पण हिशोबाला पक्की. आमच्या वहीत पहिल्यापासून एक जादा रकाना आहे, तासांचा. कोण उशिरा येतं आणि कोण लवकर पळतं यावरून कुरबुरी व्हायच्या, म्हणून तो घातला होता. त्या रात्री तिनं तोच रकाना काढला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढं वाचून दाखवला. तुम्हीही ऐका, सावकाश सांगतो. जमलं तर कोळशानं भिंतीवर मांडा.

किलोभर मसाल्याला मिरचीपासून डंकाच्या मजुरीपर्यंत आणि पिशवीपर्यंत आमचा खर्च ३०० रुपये. हातांचं काम मोजलं तर किलोला दोन तास. आम्ही स्वतः विकतो ६०० रुपयांनी. म्हणजे किलोमागं ३०० सुटतात. साठ किलोचे झाले १८,०००, दहाजणींत प्रत्येकीला १,८००. तास किती? साठ किलोचे १२० तास, प्रत्येकीचे १२. शिवाय बाजाराची पाळी महिन्यातून एकदा, आठ तास. एकूण वीस तासांना १,८०० रुपये. तासाला नव्वद.

आता मोठी ऑर्डर. किलोमागं सुटतात ८० रुपये. तीनशे किलोचे २४,०००. प्रत्येकीला २,४००. आकडा मोठा दिसतो. तास बघा. सहाशे तास, प्रत्येकीचे साठ. तासाला चाळीस रुपये. आमच्याकडं भांगलणीची हजेरी आहे ३०० रुपये, आणि जाऊन-येऊन जातात साडेसात तास. तेही चाळीसच. म्हणजे मोठी ऑर्डर ही भांगलणच होती, फक्त सावलीतली.

अजून एक हिशोब तिनं केला, तो ऐकून बैठकीत कुणी बोलेना. आधीपेक्षा सहाशे रुपये जास्त, आणि चाळीस तास जास्त. वरच्या प्रत्येक तासाला पंधरा रुपये. आणि हे चाळीस तास येणार कुठून? पावणेपाच तासांचं घरकाम कुणी उचलणार नव्हतं. ते झोपेतून येणार होते.

हिशोब ऐकून आम्हाला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. नाही म्हणायचं. आम्ही स्वतःवर खूशही होतो. तेवढ्यात आमच्यातली एकजण बोलली. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, जमीन नाही. ती म्हणाली, "तुमच्या घरात उसाचं बिल येतं, कुणाचा मुलगा पैसे पाठवतो. माझ्याकडं महिन्याच्या महिन्याला ठरलेलं काहीच येत नाही. बाजारात पाऊस आला तर तो आठवडा कोरडा. मला तासाचे पंधरा का मिळेनात, पण ठरलेले पाहिजेत. तुम्हाला झोप महाग आहे, मला किराणा." आणि ती उठून गेली. चहा न घेता उठून गेलेली ती हीच.

खरा विषय इथं सुरू झाला असं आम्हाला वाटतं. हिशोब बरोबर होता. पण त्यातलं मोठं काय आणि छोटं काय, हे वहीत लिहिलेलं नसतं. ते प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि तोवर आम्ही ते एकमेकींना विचारलंच नव्हतं. चार वर्षं एका पातेल्यात मसाला ढवळत होतो.

पुढच्या बैठकीत विचारलं. सगळ्यात धाकटी सून म्हणाली, मला गाडीचं लायसन काढायचंय. तालुक्याला माल घेऊन मीच जाणार, कुणाच्या मागं बसून नाही. तिच्या लेखी धंदा चालला की नाही हे तेवढ्यावरून ठरणार होतं, किलोवरून नाही. शिवणकाम करणारीचं दहावीला गणित राहिलंय. तिला पुन्हा फॉर्म भरून परीक्षा द्यायचीय, त्यासाठी दुपारचा एक तास मोकळा हवाय, आणि जो धंदा तो तास खाईल तो तिला नको. म्हशीवालीनं सांगितलं, की घराच्या स्लॅबला मसाल्याचे वीस हजार तिनं घातले, मग नवऱ्याला म्हणाली पंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर माझंही नाव लावा. लावलं. आता शेताकडं बघतेय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा गावंच्या गावं नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली होती, ही गोष्ट तिच्या माहेरी सांगतात. ती म्हणते, मोहीम नसली तर काय झालं, एकटीनं विचारायला काय हरकत आहे.

काकू सगळ्यात शेवटी बोलल्या. त्यांचे गुडघे गेलेत. त्यांना पैशाची फार निकड नाही, दोन्ही मुलं बघतात. त्या म्हणाल्या, "बाजारात बाई येते, म्हणते काकू, मागच्या वेळचा मसाला संपला, लेकीला पुण्याला द्यायचाय. ती माझ्या हाताला येते. पिशवीवर त्या बाबाचं नाव आलं की मी कुठं?" 

आणि एकजण होती, तिचंही सांगितलं पाहिजे, कारण तिला बोलायला सगळ्यात जड गेलं. तिला मोठं व्हायचंय. स्वतःचा डंक टाकायचाय, आजूबाजूच्या दहा बायकांना काम द्यायचंय, मसाला मुंबईला पाठवायचाय. हे सांगताना ती खाली बघत होती. आपल्याकडं असंच आहे बघा. बाई म्हणाली मला धंदा वाढवायचाय, तर ती हावरट. म्हणाली एवढाच पुरे, तर आळशी. पुरुषानं यातलं काहीही म्हटलं तरी तो विचारी माणूस. आम्ही तिला म्हटलं, वर बघून सांग.

मैत्रिणींनो, वाढायचं तर कसं, याचं उत्तर आपल्याच बायकांनी पूर्वी काढलेलं आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लिज्जत किती मोठा झाला हे सगळे सांगतात. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं जी बाई पापड लाटते ती नोकर नसते, मालकांपैकी एक असते. पीठ घरी न्यायचं, लाटून आणायचं, जितकं लाटलं तितकी लाटणावळ घ्यायची. आणि नफा होईल त्यात तिचा वाटा. म्हणजे कामाचे पैसे वेगळे आणि मालकीचे वेगळे. आम्ही ही दोन्ही एकाच पातेल्यात ढवळत होतो.

माप कुणाचं, याचीही एक गोष्ट आहे. माणदेशातल्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा परवान्याचा पहिला अर्ज परत आला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या बायका निरक्षर. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कुणाचं आधी होतं. १९९७ साली बँक सुरू झाली. अंगठा की सही हे साहेबाचं माप होतं. व्याज तोंडी काढता येणं हे बायकांचं. बँक चालवायला कुठलं जास्त उपयोगाचं, ते तुम्हीच ठरवा.

तर आम्ही काय केलं. व्यापाऱ्याला सांगितलं, तीनशे किलो जमणार नाही. पन्नास किलो देऊ, ४५० रुपयांनी, आणि पिशवीवर गटाचं नाव राहील. तो म्हणाला, "बघतो." अजून बघतोच आहे. फ्लेक्स लागला नाही.

पण त्याला नाही म्हणून आमच्या त्या मैत्रिणीचा किराणा येणार नव्हता. म्हणून वाटणीची रीत बदलली. आता आधी कामाची मजुरी निघते, तासाला चाळीस रुपये, जिनं जितके तास केले तितकी. मग उरलेला नफा दहाजणींत सारखा. बाजाराची पाळी सगळ्यांची सारखीच, म्हणून ती मजुरीत धरत नाही. जिला पैसा ठरलेला हवा तिनं तास जास्त घ्यायचे. जिला दुपार हवी तिनं कमी घ्यायचे, आणि कमी घेतले म्हणून टोमणा मारायचा नाही. टोमण्याला दहा रुपये दंड आहे, आतापर्यंत सत्तर जमलेत. त्यातले चाळीस एकटीचे.

डंकाचं स्वप्न बघणारीनं तालुक्यातल्या दोन खानावळी आणि एक वसतिगृह धरलं. त्यांना महिन्याला वीस किलो, ५०० रुपयांनी. घाऊक आहे, भाव थोडा कमी, पण मागणी ठरलेली. वीस किलोचे आणखी चाळीस तास झाले. आता महिन्याचे १६० तास, त्यातले चाळीस ती मैत्रीण करते. तिची मजुरी होते १,६००. एकूण सुटतात २२,०००, सगळ्यांची मजुरी जाते ६,४००, उरलेल्या १५,६०० मधून प्रत्येकीला १,५६०. म्हणजे तिच्या हातात ३,१६० येतात. व्यापाऱ्याकडून साठ तासांना २,४०० येणार होते. इथं बाजाराची पाळी धरून अठ्ठेचाळीस तास. खानावळवाला पैसे पंधरवड्यानं उशिरा देतो, तेव्हा तिची मजुरी गटाच्या बचतीतून आधी देतो आणि मागून वळती करून घेतो. तेवढ्यासाठीच तर बचत असते.

बाकीच्यांनाही आधीपेक्षा थोडे जास्तच मिळतात, दोन हजारांच्या वर. पण हे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. मिरचीचा भाव चढला की किलोचा खर्च ३०० वर राहत नाही. वसतिगृहाला सुट्ट्या लागल्या की तिथला माल थांबतो. दर दोन महिन्यांनी वही पुन्हा मांडावी लागते. डंकासाठी कर्ज घ्यायचं की नाही यावर तर अजून एकमत नाही, पाच इकडं, पाच तिकडं.

त्या मैत्रिणीला आम्ही विचारलं, आता बरं वाटतं का? ती म्हणाली, पूर्वी महिना संपत आला की ती दुकानावरून न जाता मागच्या बोळातून जायची. किराणावाला काही बोलायचा नाही, फक्त बघायचा. आता सरळ रस्त्यानं जाते. एवढंच सांगितलं तिनं. आमच्या वहीत असल्या गोष्टीला रकाना नाही, पण आम्ही शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.

लेकींनो, तुम्हीही ऐकत असाल. तुमच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे, कारण तुमची मापं फोनवरून येतात. आमच्या एकीची मुलगी नर्सिंग शिकून तालुक्याच्या दवाखान्यात लागली. रात्रपाळी करते, बाळंतिणी बघते. तिच्या चुलतभावाचा पगार पुण्यात तिच्या तिप्पट. लग्नकार्यात गेलं की लोक दोघांचे आकडे विचारतात आणि तिच्याकडं बघून म्हणतात, होईल होईल, तुझंही होईल. अगं, तिचं झालेलं आहे! तिला तिथंच काम करायचं होतं. हां, पगार वाढायला पाहिजे, तो कमीच आहे. काम आवडतं म्हणून कमी पैशात करा असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. आवड आणि मजुरी, दोन्ही वेगवेगळं मागायचं असतं.

बक्षिसांचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत, बीजमाता म्हणून. शाळेची पायरी चढल्या नाहीत. गावरान बियाणं जपलं, वाढवलं, दुसऱ्यांना दिलं. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली आणि मग सगळीकडं फोटो आले. आम्हाला त्यांचा अभिमान आहेच. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी दिलेलं वालाचं, भाताचं बियाणं दुसऱ्या बायकांच्या वावरात उगवून येत होतं. तेव्हा कुणी त्यांना विचारलं असतं, काय करता, तर काय उत्तर मिळालं असतं? आपल्यासारखंच असेल कदाचित. बियाणं मात्र उगवत होतं.

आता तुमच्या गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले, सह्या-अंगठे झाले, की लगेच पळू नका. अर्धा तास बसा आणि प्रत्येकीला विचारा, हे काम पुढच्या वर्षी कसं झालं म्हणजे तुला बरं वाटेल? पैशाचा आकडा सांगितला तर लिहून घ्या, पण आकड्याचं काय करणार तेही विचारा. सुरुवात सगळ्यात धाकटीपासून करा. हे महत्त्वाचं आहे. थोरली आधी बोलली की बाकीच्या नुसत्या माना हलवतात, आमचा अनुभव आहे, आणि काकू इथं बाहेरच बसल्या आहेत तरी हे सांगतोय. अध्यक्ष आणि सचिवांनी शेवटी बोलायचं. एखादी गप्प राहिली तर तिला सोडून पुढं जाऊ नका, पण सगळ्यांसमोर टोकूही नका. तिच्याबरोबर पाणी आणायला जा, वाटेत सांगेल.

आणि उत्तरं वहीत तारीख घालून लिहा. आम्ही सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा चौघींची उत्तरं बदललेली होती. धाकट्या सुनेला लायसन मिळालं, आता तिला गाडी हवी आहे, तीही स्वतःच्या नावावर. दहावीवाली म्हणते गणित सुटलं तर बारावी. काकूंचं मात्र तेच आहे.

उद्या सकाळी नऊला मिरचीचे देठ काढायला बसायचंय, चाळीस किलो आलीय, त्यामुळे आता थांबतो. मसाल्याबद्दल काही विचारायचं असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. भाव सांगू, हिशोब सांगू, वही दाखवू. प्रमाण तेवढं विचारू नका. ते काकूंनी आम्हालाही अजून पुरतं सांगितलेलं नाही.